खुणेचा अणू : शास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांचे चरित्र

अंगात दुखणे आहे, पण ते नेमके कोठे दडले आहे हे कोणालाच उमगत नाही, अशी रोग्याची अवस्था फार केविलवाणी असते. एक डॉक्टर होतो, दुसरा होतो, तिसरा होतो. रक्त तपासून होते, फोटो काढून होतात. पैसा संपतो, घरची माणसे थकतात, आणि शेवटी हे सारे मनाचेच खेळ आहेत असे शेजारीपाजारीही बोलू लागतात. रोग्याला रोगापेक्षा हा अविश्वासच अधिक सोसावा लागतो.

आज अशा रोग्याला डॉक्टर कधी कधी मोठ्या इस्पितळातील एका खास विभागात पाठवितात. तेथे त्याच्या शिरेत थोडेसे औषध टोचतात, काही वेळ स्वस्थ बसवितात, आणि मग एका कमानीसारख्या यंत्रातून त्याला हळूहळू सरकवितात. ते औषध शरीरात फिरते, दुखण्याच्या जागी जाऊन साचते आणि तेथून आपला पत्ता कळविते. कातडीला चाकूही लावावा लागत नाही. या शास्त्राला न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजेच अणुवैद्यक, असे म्हणतात.

या शास्त्राचा पाया घालणारे जॉर्ज हेवेशी हे डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. विशेष हे की, ज्या कल्पनेने त्यांचे नाव झाले ती त्यांना एका कामात आलेल्या संपूर्ण अपयशातून सुचली. वाचकांना, आणि मुलांपुढे थोरांची चरित्रे ठेवणाऱ्या संडे-स्कूलच्या शिक्षकांना, ही हकीकत उपयोगी पडेल असे वाटते.

बालपण व शिक्षण

हेवेशी यांचा जन्म हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट येथे १ ऑगस्ट १८८५ रोजी झाला. घराणे श्रीमंत होते. आठ भावंडांत ते वाढले. कुटुंब मूळचे यहुदी वंशाचे, पण त्याने रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला होता, आणि जॉर्ज यांचे शालेय शिक्षणही कॅथलिक पाद्र्यांच्या शाळेत झाले. वंशाची ही गोष्ट पुढे त्यांच्या आयुष्यात किती महत्त्वाची ठरणार होती याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

बुडापेस्ट व बर्लिन येथे शिकून ते जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात गेले आणि १९०८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे काही काळ झुरिच येथे काम करून १९११ मध्ये ते इंग्लंडात मँचेस्टरला आले. तेथे अर्नेस्ट रदरफर्ड यांची प्रयोगशाळा होती. अणूच्या पोटात काय आहे याचा शोध त्या काळी जगात सर्वांत जोमाने चालला होता तो याच ठिकाणी.

न जमलेले काम

ऑस्ट्रियाच्या सरकारने रदरफर्ड यांना शेकडो किलो शिसे भेट दिले होते. योआखिम्सताल येथील खाणींतील युरेनियमच्या खनिजापासून निघालेले हे शिसे. त्यात रेडियम-डी नावाचा किरणोत्सर्गी, म्हणजे आपोआप किरण बाहेर टाकणारा, पदार्थ मिसळलेला होता. तो हाती आला तर प्रयोगांना मोठी मदत होणार होती. पण शिशात मिसळलेला असल्यामुळे त्याचे किरण शिशातच अडकून पडत. रदरफर्ड यांनी तरुण हेवेशींना बोलावून, शिशातून हा पदार्थ वेगळा काढून दाखवा, असे आव्हान दिले.

हेवेशी मोठ्या उमेदीने कामाला लागले. रसायनशास्त्रात वेगळे करण्याच्या जेवढ्या रीती ठाऊक होत्या त्या सर्व त्यांनी करून पाहिल्या. विरघळविले, आटविले, गाळले, पुन्हा विरघळविले. महिन्यांमागून महिने गेले. रेडियम-डी रतिभरही वेगळा झाला नाही. व्हिएन्ना येथे फ्रीड्रिख पानेट नावाचे दुसरे शास्त्रज्ञ याच खटपटीत होते, तेही असेच हरले.

याचे कारण आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. रेडियम-डी हे शिसेच आहे. एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असू शकतात. त्यांना समस्थानिक म्हणतात. रसायनाच्या दृष्टीने ते जुळे भाऊ. कोणत्याही आम्लाला किंवा क्षाराला त्यांच्यातील फरक कळत नाही. तेव्हा शिशातून शिसे वेगळे काढायचे ते कसे? पण त्या वेळी ही गोष्ट नुकतीच कोठे उजेडात येत होती.

दुसरा एखादा असता तर खट्टू होऊन त्याने दुसरे काम धरले असते. हेवेशींनी आपल्या अपयशाकडेच नीट निरखून पाहिले. हा पदार्थ शिशापासून कधीच वेगळा होत नसेल, तर शिसे जेथे जेथे जाईल तेथे तेथे तोही जाणार. शिसे दिसत नाही, पण याचे किरण उपकरणाला कळतात. मग थोड्या शिशात याचा कण मिसळला, तर त्या शिशाच्या प्रवासाचा साक्षीदारच आपल्याला मिळाला की! मेंढपाळ कळपातील एका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधतो. अंधारात कळप दिसत नाही, पण घंटेच्या आवाजावरून तो कोठे चरतो आहे हे कळते. तसाच हा प्रकार. १९१३ मध्ये हेवेशी व्हिएन्नाला गेले, आणि त्यांनी व पानेट यांनी मिळून या रीतीने पहिले प्रयोग केले. शिशाचे जे क्षार पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत असे समजत, ते किती अत्यल्प प्रमाणात विरघळतात, हे त्यांनी मोजून दाखविले. खुणेच्या अणूची, म्हणजे ट्रेसरची, ही सुरुवात होय.

खाणावळीतील प्रयोग

मँचेस्टरच्या दिवसांतील एक गमतीची गोष्ट हेवेशी पुढे स्वतःच सांगत असत. ते ज्या बाईंच्या घरी जेवत, त्या ताटांत उरलेले अन्न पुन्हा दुसऱ्या पदार्थात घालून वाढतात असा त्यांना संशय आला. विचारले तर बाई कानांवर हात ठेवीत. तेव्हा हेवेशींनी एके दिवशी आपल्या ताटात उरलेल्या अन्नावर किरणोत्सर्गी पदार्थाचा अगदी सूक्ष्म कण टाकून ठेवला. काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ त्यांनी विद्युत्‌दर्शक नावाचे उपकरण धरले, आणि त्याने खूण दिली. चोरी पकडली गेली. अन्नावर असला पदार्थ टाकणे आज कोणी क्षम्य मानणार नाही. त्याचे धोके तेव्हा पुरते कळलेले नव्हते. पण अणुवैद्यकाचे सारे तत्त्व या गोष्टीत आहे. खूण करावी, वाट पाहावी आणि ती कोठे उगवते ते शोधावे.

झाडांपासून प्राण्यांपर्यंत

पहिल्या महायुद्धात हेवेशींना सैन्यात जावे लागले. युद्धानंतर हंगेरीत क्रांती व प्रतिक्रांती यांची धुमश्चक्री उडाली, तेव्हा १९२० मध्ये ते डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे नील्स बोर यांच्या संस्थेत आले. मँचेस्टरला या दोघांची मैत्री जमली होती, ती जन्मभर टिकली. येथे हेवेशी व डर्क कॉस्टर यांनी ७२ व्या क्रमांकाचे मूलद्रव्य शोधून काढले. १९२३ मध्ये ते जाहीर झाले आणि कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून त्याला हाफ्नियम असे नाव मिळाले.

पण त्याच वर्षी त्यांनी केलेला दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. त्यांनी घेवड्याच्या जातीच्या एका शेंगवर्गीय रोपाची मुळे खुणेचे शिसे मिसळलेल्या पाण्यात ठेवली आणि ते शिसे मुळांत किती राहते, पानांत किती चढते, हे मोजले. सजीवाच्या अंगात खुणेच्या अणूचा माग काढण्याचा हा पहिला प्रसंग. पुढच्या वर्षी सशांच्या शरीरात त्यांनी बिस्मथचा माग काढला.

तरी एक मोठी अडचण उरली होती. शिसे व बिस्मथ हे काही शरीराचे घटक नव्हेत. शरीराला लागतात ते कॅल्शियम, फॉस्फरस, आयोडीन यांसारखे पदार्थ, आणि त्यांचे किरणोत्सर्गी भाऊ कोणाजवळ नव्हते. १९३४ मध्ये पॅरिस येथे इरेन क्यूरी व त्यांचे पती फ्रेडेरिक झोलिओ यांनी कृत्रिम रीतीने किरणोत्सर्गी अणू तयार करता येतात असे दाखविले, आणि हे दार उघडले.

त्या वर्षी हेवेशी स्वतःच्या घरात मात्र निराधार झाले होते असे म्हटले तरी चालेल. १९२६ पासून ते फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक होते. पण हिटलरच्या राज्यात यहुदी वंशाच्या माणसाला, मग त्याचा धर्म कोणताही असो, जागा नव्हती. निघण्यापूर्वी त्यांनी जड पाणी, म्हणजे वजनदार हायड्रोजन असलेले पाणी, थोडेसे मिसळून स्वतः प्यायले होते आणि प्यालेले पाणी शरीरात सरासरी दोन आठवड्यांच्या आसपास राहते असे मोजले होते. मग विद्यापीठ सोडून ते बायकोमुलांसह पुन्हा कोपनहेगनला बोर यांच्याकडे आले.

हाडे दगड नव्हेत

१९३५ मध्ये त्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस तयार करून उंदरांना दिला. याचे अर्धायुष्य सुमारे १४ दिवस, म्हणजे दर १४ दिवसांनी त्याचे किरण निम्मे होतात. तेव्हा काम जलद करावे लागे. लोकांची समजूत अशी होती की, हाडे एकदा बनली की दगडी भिंतीसारखी जशीच्या तशी राहतात. हेवेशींना दिसले ते निराळेच. आज खाल्लेला फॉस्फरस थोड्याच अवधीत हाडांत जाऊन बसला, आणि काही दिवसांनी त्यातला बराचसा तेथून निघूनही गेला. हाड हे दगड नसून वाहती नदी आहे. काठ तेच, पाणी रोज नवे. शरीर क्षणोक्षणी मोडते आणि क्षणोक्षणी बांधले जाते, ही आजच्या वैद्यकाची पायाभूत समजूत अशा प्रयोगांनी पक्की केली.

त्याच वर्षी बोर यांचा पन्नासावा वाढदिवस आला. डॅनिश लोकांनी वर्गणी जमवून त्यांना ६०० मिलिग्रॅम रेडियम भेट दिले. त्याचा मोठा उपयोग हेवेशींच्या कामास झाला. या रेडियमच्या साहाय्याने न्यूट्रॉन मिळवीत आणि त्यांचा मारा गंधकयुक्त द्रवावर करून हवा तेवढा किरणोत्सर्गी फॉस्फरस तयार करीत.

विरघळलेले सोने

९ एप्रिल १९४० रोजी जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. बोर यांच्या संस्थेत माक्स फॉन लाउए व जेम्स फ्रांक या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नोबेल पदके सांभाळण्यासाठी ठेवलेली होती. सोने जर्मनीबाहेर पाठविणे हा तेथे गंभीर गुन्हा होता, आणि पदकांवर तर मालकांची नावे कोरलेली. लाउए अद्याप जर्मनीतच होते. पदके सापडली असती तर त्यांची धडगत नव्हती. पुरून ठेवावीत असे हेवेशींना वाटले, पण उकरली गेली तर काय, अशी बोर यांना भीती होती. अखेर शिपाई रस्त्यांतून कूच करीत असता हेवेशींनी ती पदके अम्लराजात, म्हणजे सोनेही विरघळविणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळविली. सोने लवकर विरघळत नाही. ते काम तासन्‌तास चालले. संस्थेची झडती झाली, पण फळीवरच्या त्या बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९४३ मध्ये डेन्मार्कमधील यहुद्यांची धरपकड सुरू झाली त्या सुमारास हेवेशी स्वीडनमध्ये निसटले. युद्धानंतर बाटली जागच्या जागी सापडली. त्यातून सोने पुन्हा काढून स्टॉकहोमला पाठविण्यात आले आणि नोबेल संस्थेने त्याची पदके पुन्हा घडवून दोघांना दिली. पदकाचे रूप नाहीसे झाले होते, सोने नाहीसे झाले नव्हते. अणू कोठे गेला हे ठाऊक असले की तो हरवत नाही, हे या माणसाहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

हेवेशींना स्वतःला खुणेच्या अणूंच्या कामाबद्दल रसायनशास्त्राचे १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते १९४४ मध्ये जाहीर झाले. पुढे १९५८ चे शांततेसाठी अणू हे पारितोषिकही त्यांना देण्यात आले. ५ जुलै १९६६ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे देहावसान झाले. पुढे त्यांचे अवशेष त्यांच्या जन्मगावी, बुडापेस्टला नेण्यात आले.

दडलेल्या रोगाचा माग

हेवेशींच्या हयातीतच ही रीत इस्पितळांत पोहोचली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी एका विलक्षण रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अतिरेकी काम करू लागली की माणूस भरपूर खाऊनही वाळतो, छाती धडधडते. या माणसाला नेमके तेच होत होते. पण त्याची ग्रंथी तर कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेली! नसलेली ग्रंथी काम करील कशी? डॉक्टरांनी त्याला किरणोत्सर्गी आयोडीन दिले, कारण थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. मग किरण मोजणारे यंत्र अंगावरून फिरविले. गळा मुका राहिला, पण पाठीचा कणा व इतर ठिकाणे बोलू लागली. ग्रंथीच्या कर्करोगाच्या पेशी तेथे जाऊन बसल्या होत्या आणि ग्रंथीचेच काम करीत होत्या. त्याच आयोडीनने पुढे त्या पेशींवर उपचारही करण्यात आला.

यानंतर शरीरातील किरणांचे चित्र काढणारी यंत्रे आली. अवघ्या सहा तासांचे अर्धायुष्य असलेले टेक्नेशियम आले. पण एक उणीव राहिली. रात्री घाटावरून खालचे गाव पाहिले तर एखादा दिवा दिसतो, पण तो कोणाच्या घरातला हे सांगता येत नाही. दिवसा घरे स्पष्ट दिसतात, पण जागे कोण होते हे कळत नाही. अणुवैद्यकाचे चित्र रात्रीच्या दिव्यासारखे, आणि सी.टी. स्कॅनचे चित्र दिवसाच्या घरांसारखे. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे पेट व सी.टी. ही दोन्ही यंत्रे एकत्र जोडून रोगी तपासले जाऊ लागले. आता दिवाही दिसतो आणि घरही. मुंबईत परळ येथे अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. भारतातील पहिले पेट यंत्र २००२ मध्ये तेथेच बसविण्यात आले.

अशा जोड-यंत्राचा उपयोग कसा होतो, याचे एक उदाहरण घेऊ. काही माणसांची हाडे विनाकारण दुखू लागतात, स्नायू दुबळे होतात, साध्या धक्क्याने हाड मोडते. संधिवात म्हणून, कधी मनाचा आजार म्हणूनही, वर्षानुवर्षे उपचार होतात. खरे कारण असते ते शरीरात कोठेतरी, कधी तळपायात, कधी मांडीत, कधी नाकामागच्या पोकळीत वाढलेली एक लहानशी गाठ. बहुधा ती कर्करोगाची नसते. पण ती रक्तात एक रस सोडते आणि त्यामुळे मूत्रपिंडे फॉस्फरस लघवीवाटे फेकून देतात. नदीचे पाणी आटते आणि हाडे मऊ होतात. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागत नाही. मग गॅलियम नावाच्या मूलद्रव्याचा खुणेचा अणू अशा एका औषधाला जोडतात, की जे या गाठीलाच जाऊन चिकटते. तपासणी डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत करावी लागते, कारण ती मांडीशी थांबविली तर तळपायातील गाठ निसटते. ठिणगीसारखा एक ठिपका दिसतो. गाठ पूर्णपणे निघाली तर थोड्याच दिवसांत रक्तातील फॉस्फरस वाढतो, आणि काही महिन्यांत हाडे बळकट होऊ लागतात. उंदरांच्या हाडांत हेवेशींनी ज्या फॉस्फरसचा माग काढला, त्याचीच ही गोष्ट.

तथापि या तपासण्यांना जादू समजू नये. पेट तपासणीत सामान्यतः खुणेची साखर वापरतात. मेंदू व हृदय ही निरोगी असतानाही ती साखर खातात म्हणून उजळतात. क्षयाची गाठही कर्करोगासारखीच उजळते, आणि आपल्या देशात क्षय काही दुर्मिळ नाही. म्हणून पुष्कळदा तुकडा काढून तपासल्याखेरीज खरे काय ते ठरत नाही. चित्रात ठिपका दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. तसेच किरणांचे प्रमाण थोडे असले तरी ते असतेच. गरोदर स्त्रीने व अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगितली पाहिजे, आणि गरज नसता हौसेने अशी तपासणी करवून घेऊ नये.

असो. हेवेशींना तीन देश सोडावे लागले, दोन महायुद्धे पाहावी लागली, आणि पहिल्याच मोठ्या कामात हार पत्करावी लागली. शिशातून ते रेडियम-डी कधीच वेगळे काढू शकले नाहीत. पण जे वेगळे करता आले नाही त्यालाच त्यांनी साक्षीदार केले. त्या साक्षीमुळे आज कित्येक रोग्यांचे दुखणे खरे होते हे सिद्ध होते. आपल्या घरी किंवा मंडळीत कोणी दीर्घकाळ दुखण्याची तक्रार करीत असेल आणि कारण सापडत नसेल, तर ते मनाचे खेळ आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि त्याला पुन्हा एकदा योग्य डॉक्टरांकडे घेऊन जावे. दुखणे दिसत नाही म्हणजे ते नाही, असे होत नाही.